बिघडलेल्या संगणकाचे मोल

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर एकमेकांच्या शेजारी वसलेली आहेत; परंतु त्यांची जडणघडण निरनिराळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीत आश्रय मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथील नव्या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली. उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. हाती भांडवल नसलेल्या या लोकांनी छोट्या कारखान्यांच्या आणि दुकानांच्या बळावर शहर उभे केले. अंबरनाथ हे आयुध निर्माणीचे आणि औद्योगिक वसाहतीचे गाव, तर बदलापूर हे भातशेतीच्या पट्ट्यातून झपाट्याने वाढत गेलेले नगर.

या तिन्ही शहरांत आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत गेल्या काही वर्षांत एक नवी अडगळ साचू लागली आहे. ती बंद पडलेल्या संगणकांची. माध्यमिक शाळांत संगणक-कक्ष उभारण्यासाठी केंद्र शासनाची योजना २००४ मध्ये सुरू झाली. ग्रामपंचायतींच्या कारभारासाठी २०११ मध्ये 'संग्राम' म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्या काळात घेतलेल्या यंत्रांचे आयुष्य आता सरले आहे. कार्यालयाच्या कोपऱ्यात, प्रयोगशाळेच्या माळ्यावर, कपाटाच्या मागे ती धूळ खात पडून असतात.

अशा यंत्रांच्या बाबतीत सामान्यतः दोन टोकांच्या भूमिका आढळतात. "सरकारी पैशाने घेतलेली वस्तू आहे, कधीतरी उपयोगी पडेल," अशा समजुतीने काही ठिकाणी सर्व काही राखून ठेवले जाते. काही ठिकाणी मात्र जागा मोकळी करण्याच्या घाईत ते सर्व वजनावर भंगारवाल्याच्या हवाली होते. पहिल्या प्रकारात वस्तूची किंमत दरवर्षी घटत जाते. दुसऱ्या प्रकारात चांगले सुटे भाग मातीमोलाने जातात आणि घातक भाग कोठे जातात, याचा पत्ताच राहत नाही. बिघडलेल्या संगणकातील कोणता भाग पुन्हा विकण्याजोगा आहे आणि कोणता नाही, हे ठरविण्याची रीत समजून घेतल्यास हे दोन्ही प्रकार टळू शकतील.

किंमत कशाने ठरते?

वस्तू किती रुपयांना घेतली होती, यावरून तिची आजची किंमत ठरत नाही. ती केवळ कमी बिघडली आहे, यावरूनही ठरत नाही. सुटा भाग विकण्याजोगा आहे काय, हे पाहण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न असा, की हा भाग चालतो हे तपासून दाखविता येईल काय? जो भाग दुसऱ्या चालू संगणकात बसवून, विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत चालवून दाखविता येतो, त्याला सुट्या भागाची किंमत येते. तसे करता येत नसेल, तर त्याला भंगाराचीच किंमत येणार.

दुसरा प्रश्न असा, की या भागाची वाट पाहणारे यंत्र आज कोठे वापरात आहे काय? संगणकातील भाग कोणत्याही यंत्रात बसत नाहीत. उदाहरणार्थ, स्मरणपट्टी, म्हणजे रॅम, हिच्या डीडीआर-२, डीडीआर-३, डीडीआर-४ अशा पिढ्या आहेत आणि प्रत्येकीची खाच निराळ्या जागी असल्यामुळे एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर बसत नाही. यंत्रे वापरातून गेली, की त्यांचे सुटे भाग चांगले असूनही गिऱ्हाईक उरत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून 'विंडोज १०' या प्रणालीला मिळणारे नियमित साहाय्य थांबले. तिच्या पुढची प्रणाली बऱ्याच जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे अशा यंत्रांच्या सुट्या भागांची मागणी यापुढे ओसरत जाणार, हे उघड आहे. लिनक्सवर आधारलेल्या प्रणाली, उदाहरणार्थ सी-डॅक या शासकीय संस्थेने तयार केलेली 'बॉस', वापरून यांपैकी काही यंत्रे शाळेतच आणखी काही वर्षे चालविता येतात, हाही एक पर्याय आहे. तथापि जे विकायचे ते वेळेवर विकले पाहिजे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. या भागाची खरी स्थिती विकत घेणाऱ्याला सांगितल्यावरही तो घेईल काय? खरे सांगितल्यावर जी वस्तू विकली जात नाही, ती विकण्याजोगी नाही, असे खुशाल समजावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जुनी, दुरुस्त केलेली किंवा नूतनीकरण केलेली वस्तू नवी असल्याचे भासविणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तरच तपासणीवर वेळ आणि पैसा खर्च करावा.

एक साधा हिशेब

येथे व्यवहाराचा एक लहानसा हिशेब उपयोगी पडतो. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एक बंद पडलेला पडदा, म्हणजे मॉनिटर, चालू झाल्यास १,००० रुपयांना जाईल; परंतु असे चार पडदे दुरुस्तीस घेतले तर त्यांतील एकच चालू होतो आणि प्रत्येकाच्या तपासणी-दुरुस्तीला ३०० रुपये लागतात. चार पडद्यांवर १,२०० रुपये खर्चून हाती १,००० रुपये येतील, म्हणजे २०० रुपयांचा तोटा होईल. याउलट, समजा एका स्मरणपट्टीला २०० रुपयेच मिळतात. परंतु चारांपैकी तीन चांगल्या निघतात आणि तपासणीचा खर्च प्रत्येकी २० रुपये आहे. चार पट्ट्यांवर ८० रुपये खर्चून ६०० रुपये येतील. दिसायला पडदा मोठा आणि महाग, पट्टी लहान आणि स्वस्त. पण फायदा पट्टीत आहे.

भाव बदलतील, प्रमाणे बदलतील. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही. मिळू शकणारी किंमत, ती मिळण्याची शक्यता आणि ती मिळविण्याचा खर्च, या तीन गोष्टी कागदावर मांडल्याशिवाय कोणतीही वस्तू दुरुस्तीस पाठवू नये. वस्तू परत आल्यास पैसे परत करावे लागतील, हेही खर्चाच्या बाजूला धरावे.

भाग तितक्या परी

संगणकातील प्रत्येक भागाचा स्वभाव निराळा असतो. म्हणून सर्वांना एकच नियम लावता येत नाही.

स्मरणपट्टी आणि प्रोसेसर हे भाग सहसा लवकर बिघडत नाहीत. कित्येकदा यंत्र सुरू होत नाही, त्याचे कारण पट्टीच्या सोनेरी कडांवर चढलेला मळ एवढेच असते. साध्या खोडरबराने त्या कडा हलक्या हाताने पुसून पट्टी घट्ट बसविली, की यंत्र चालू होते. विक्रीपूर्वी स्मरणपट्टीची चाचणी तिच्यासाठी असलेल्या आज्ञावलीने निदान काही तास तरी घ्यावी. प्रोसेसरच्या बाबतीत पिना पाहाव्यात. काही जातींत त्या प्रोसेसरला असतात, तर काहींत मदरबोर्डावरील खोबणीत. वाकलेली पिन कुशल कारागीर सरळ करू शकतो. तुटलेल्या पिनेचा भाग मात्र बाद समजावा.

मदरबोर्ड हा सर्व भागांना जोडणारा मुख्य फलक. त्यावरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली, की घड्याळ चुकते आणि यंत्र सुरू होताना अडखळते. केवळ एवढ्या कारणाने 'बंद' म्हणून बाजूला ठेवलेली यंत्रेही आढळतात. फलकावरील नळकांड्यांसारखे कपॅसिटर फुगलेले किंवा गळालेले दिसले, तर तेवढे बदलून फलक पुन्हा चालू होऊ शकतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरांमुळे असंख्य मदरबोर्ड अकाली निकामी झाले होते. परंतु फलक जळून काळा पडला असेल किंवा त्याला तडा गेला असेल, तर त्याच्या नादी लागू नये. फलकाच्या आत तांब्याच्या रेषांचे अनेक थर असतात आणि आतल्या थरातील इजा वरून दिसतही नाही, दुरुस्तही होत नाही.

पॉवर सप्लाय, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, हिच्याबाबत विशेष सावधगिरी हवी. घरगुती २३० व्होल्ट वीज या पेटीत सरळ केली जाते, तेव्हा आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि तो वायर काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. अनभिज्ञ माणसाने ही पेटी उघडणे धोक्याचे आहे. शिवाय सदोष पेटी ज्या यंत्रात बसेल, त्या यंत्रातील चांगले भागही ती निकामी करू शकते. म्हणून बिघडलेली पेटी सुटा भाग म्हणून विकूच नये.

हार्ड डिस्कमध्ये कार्यालयाची स्मृती असते. गावकऱ्यांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची यादी, विद्यार्थ्यांचे दाखले आणि गुणपत्रके, बँक खात्यांचे तपशील हे सर्व तिच्यात राहते. फाइल पुसली किंवा डिस्क 'फॉर्मॅट' केली म्हणजे ही माहिती नाहीशी होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. नेहमीच्या फॉर्मॅटने बहुधा अनुक्रमणिका पुसली जाते, पुस्तकाची पाने तशीच राहतात. संपूर्ण डिस्कवर विशिष्ट आज्ञावलीने नव्याने लिहिल्यावरच जुनी माहिती जाते. नव्या प्रकारच्या, फिरती चकती नसलेल्या डिस्कसाठी निर्मात्याने दिलेली पुसण्याची सोय वापरावी लागते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते आणि ती वाचणाऱ्या आज्ञावली मोफत मिळतात. खराब झालेले कप्पे वाढत असतील किंवा टकटक आवाज येत असेल, तर ती डिस्क विकण्यायोग्य नाही. आणि माहिती पुसता येण्याइतकीही ती चालत नसेल, तर भोके पाडून किंवा फोडून तिची नोंद करावी. काही रुपयांसाठी साऱ्या गावाची माहिती बाहेर जाऊ देणे हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या पडद्यांना आता जवळजवळ गिऱ्हाईक नाही आणि त्यांच्या काचेत शिसे मोठ्या प्रमाणात असते. ते फोडू नयेत. जुन्या सपाट पडद्यांतील दिव्यांत पारा असू शकतो. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी ही तर आगीला निमंत्रण होय. ती विकू नये, टोचू नये, उन्हात ठेवू नये. यूपीएसमधील शिशाची बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रणकाराकडे परत द्यावी. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत.

पुरात भिजलेली यंत्रे

बदलापूर आणि वांगणी परिसराला हा विषय विशेष लागू पडतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीने काठ सोडले होते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. अशा पुरात तळमजल्यावरील कार्यालये, शाळा आणि दुकाने यांतील यंत्रे भिजतात आणि नंतर त्यांचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो.

पाण्याने संगणक लगेच निकामी होतो असे नाही. भिजलेल्या अवस्थेत वीज दिल्याने तो निकामी होतो. म्हणून "चालतो का पाहू" या उत्सुकतेने कळ दाबणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी घाई होय. प्रथम इमारतीचा वीजपुरवठा बंद आहे याची खात्री करावी. यंत्राची वायर काढावी, बॅटरी असल्यास ती काढावी, फलकावरील नाण्याएवढी बॅटरीही काढावी. पुराचे पाणी शुद्ध नसते. त्यात चिखल, क्षार आणि सांडपाणी असते आणि पाणी सुकल्यावरही हा मळ फलकावर राहतो. ओल मिळताच तो वीज वाहून नेतो आणि तांब्याला गंज चढवितो. यास्तव तंत्रज्ञाकडून फलक प्रथम ऊर्ध्वपातित पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्यावेत, सावलीत हवेशीर जागी कित्येक दिवस पूर्ण वाळवावेत आणि त्यानंतरच चाचणी घ्यावी.

एवढे केल्यावर काही भाग चालू होतील. परंतु त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. आज चालणारा फलक सुप्त गंजामुळे दोन-चार महिन्यांनी बंद पडू शकतो. म्हणून पुरातून वाचलेले भाग शक्यतो आपल्याच संस्थेत, कमी महत्त्वाच्या कामासाठी वापरावेत. विकायचेच झाल्यास 'पुराच्या पाण्यात भिजलेला' असा उल्लेख पावतीवर करावा. पाण्यातील वीजपुरवठ्याची पेटी मात्र कोणत्याही परिस्थितीत पुन्हा वापरात आणू नये. हार्ड डिस्कला हवा खेळण्यासाठी बारीक छिद्र असते आणि त्यातून पाणी आत जाऊ शकते. आतील माहिती अमूल्य असल्यास ती डिस्क चालू न करता, न उघडता, तज्ज्ञाकडे पाठवावी.

सोन्याचा मोह

सुटे भाग विकले गेले नाहीत, तरी त्यांतील सोने काढता येईल, अशी एक समजूत बाजारात आहे. तिच्यात तथ्य आहे. पण ते किती, हे पाहणे जरूर आहे. संगणकाच्या फलकांत सोन्याचे प्रमाण एका टनाला साधारणतः शंभर ते तीनशे ग्रॅमपर्यंत असते. खाणीतील एक टन खनिजात ते बहुधा काही ग्रॅमच असते, हे लक्षात घेता फलक हे समृद्ध खनिजच म्हणावे लागेल. परंतु टनाला दोनशे ग्रॅम याचा अर्थ किलोला ०.२ ग्रॅम. अर्ध्या किलोच्या एका मदरबोर्डात ०.१ ग्रॅम सोने असे धरले, तरी एक ग्रॅम सोन्यासाठी दहा मदरबोर्ड लागतील. आधुनिक कारखान्यात हजारो फलक एकत्र वितळवून हे सोने, त्याबरोबर तांबे, चांदी आणि इतर धातू मिळविले जातात. तेथे हा व्यवसाय किफायतशीर ठरतो.

झोपडीतल्या भट्टीत तो किफायतशीर ठरल्याचा केवळ भास होतो. आम्लात फलक बुडवून सोने सोडविताना त्यातील बराचसा भाग वाया जातो आणि उरलेले आम्ल, शिसे व कॅडमियमसह, गटारात ओतले जाते. तांब्यासाठी वायरी जाळल्या, की त्यावरील प्लॅस्टिकमधून डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्ये हवेत मिसळतात. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर होतो, हे वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे दाखवून दिले आहे. या कामाचा खरा खर्च काम करणाऱ्या मजुराच्या आणि त्याच्या मुलांच्या शरीरातून वसूल होत असतो. म्हणूनच तो कोणाच्या वहीत दिसत नाही.

नदीचा हिशेब

या तिन्ही शहरांच्या दृष्टीने ही बाब अधिक गंभीर आहे. वालधुनी नदी अंबरनाथ आणि उल्हासनगर या शहरांतून वाहत कल्याणला खाडीला मिळते. अंबरनाथचे प्रसिद्ध शिवमंदिर, ज्यातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे, ते याच नदीच्या काठी उभे आहे. आज मात्र ही नदी सांडपाण्याने आणि रासायनिक टाकाऊ द्रव्यांनी ग्रासलेली आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात टँकरमधून आणलेली रसायने तिच्या पात्रात सोडण्यात आली, तेव्हा पसरलेल्या वायूने शेकडो रहिवाशांना बाधा झाली. ती रसायने संगणकाच्या भंगारातील नव्हती. पण पात्रात काय सोडले जाते, याची किंमत काठावरच्या माणसांना कशी मोजावी लागते, हे त्या रात्री दिसून आले. शेजारची उल्हास नदी तर ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरांना पिण्याचे पाणी पुरविते. आपल्या शाळेतून वजनावर गेलेला मदरबोर्ड एखाद्या नाल्याकाठी आम्लात बुडविला गेला, तर तो व्यवहार तेथे संपत नाही. तो नळाच्या पाण्यापर्यंत येऊन पोहोचू शकतो.

कायदा काय सांगतो

जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या सहभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो. आपल्या देशात ई-कचऱ्यासंबंधीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये करण्यात आले व ते १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यानंतर २०१६ चे नियम आले आणि सध्या २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. या नियमांनुसार उत्पादक, नूतनीकरण करणारे आणि पुनर्चक्रण करणारे यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी नियमांच्या अनुसूचीतील किमान एक हजार विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणाऱ्या संस्थेला 'मोठा ग्राहक' मानले जाते. अशा संस्थेने आपला ई-कचरा केवळ नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकार किंवा पुनर्चक्रणकार यांच्याच हवाली करणे बंधनकारक आहे. एखाद्या ग्रामपंचायतीकडे किंवा शाळेकडे एक हजार उपकरणे क्वचितच असतील. तथापि कायद्याने मोठ्यावर टाकलेली जबाबदारी लहानाने स्वेच्छेने पाळू नये, असे कोठेही म्हटलेले नाही. तालुक्यातील दहा-वीस शाळांनी आपला माल एकत्र केला, तर नोंदणीकृत संस्थेलाही वाहन पाठविणे परवडते आणि भावही बरा मिळतो.

दुरुस्ती करून वस्तूचे आयुष्य वाढविणे हे या नियमांच्या विरुद्ध नाही, हेही ध्यानात ठेवावे. उलट, नियमांनी नूतनीकरणाला स्वतंत्र स्थान दिले आहे. पडेल ती वस्तू हाती घेऊन तिच्यावर संसार उभा करणाऱ्या उल्हासनगरच्या कारागिराची परंपरा ही या दृष्टीने शहराची दौलत आहे. प्रश्न एवढाच आहे, की जे दुरुस्त होण्याजोगे आहे तेवढेच त्याच्या हाती जावे आणि उरलेले योग्य ठिकाणी पोहोचावे.

संस्थांनी करावयाचे काम

शाळा किंवा ग्रामपंचायत यांच्या मालकीचा संगणक ही सार्वजनिक मालमत्ता असल्यामुळे तिची विल्हेवाट निर्लेखनाची रीतसर कार्यवाही केल्याशिवाय लावता येत नाही. शासकीय कार्यालयांना मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि त्याअन्वये निघालेले आदेश लागू असतात. स्थानिक संस्थांना त्यांच्या लेखाविषयक नियमांनुसार चालावे लागते. या कार्यवाहीच्या भीतीने पुष्कळदा निर्णयच होत नाही. वास्तविक तिचा क्रम सोपा आहे.

प्रथम, प्रत्येक यंत्र जडसंग्रह नोंदवहीतील नोंदीशी ताडून पाहावे. दुसरे, एखाद्या जाणकाराकडून, उदाहरणार्थ जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील या विषयाच्या निदेशकाकडून, तपासणी करून घ्यावी. तिसरे, प्रत्येक भागापुढे 'येथेच वापरावा', 'विकावा' किंवा 'पुनर्चक्रणास द्यावा' यांपैकी एकच शेरा लिहावा. 'पाहू' हा चौथा शेरा लिहू नये. चौथे, हार्ड डिस्क पुसल्याची अगर नष्ट केल्याची दिनांकासह नोंद करून त्यावर जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी. पाचवे, सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी घेऊन विक्री करावी व विक्रीच्या कागदपत्रांत वस्तूची खरी स्थिती नमूद करावी. शेवटी, पुनर्चक्रणास दिलेल्या मालाची वजनासह पावती घेऊन ती जपून ठेवावी. अखंड यंत्र पुनर्चक्रणास देताना त्याची तोडफोड करू नये. फोडलेल्या मालातून धातू निघून गेले, की उरलेल्या विषारी भागाला कोणी वाली राहत नाही.

हे काम दरवर्षी आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी एकदा केले, तर अडगळ साचणारच नाही. शिक्षकांनी हे काम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना दाखविल्यास तो उत्तम प्रात्यक्षिक पाठही होईल. कोणता भाग काय करतो, त्यात कोणते धातू आहेत, तो का जाळू नये, हे मुलांना बंद यंत्रावरून जितके चांगले समजते, तितके फळ्यावरून समजत नाही. मात्र वीजपुरवठ्याची पेटी, बॅटऱ्या आणि जुने काचेचे पडदे मुलांच्या हाती देऊ नयेत.

बिघडलेल्या वस्तूचे मोल तिच्यातून किती पैसे मिळतात, एवढ्यावरून ठरत नाही. ती विकल्यानंतर घेणाऱ्याची फसवणूक होणार नाही, गावाची माहिती बाहेर जाणार नाही आणि नदीत विष जाणार नाही, या तीन गोष्टी सांभाळून जे चार पैसे पदरात पडतील, तेच खरे मोल. असा हिशेब करणाऱ्या शाळेला आणि ग्रामपंचायतीला थोडी कमी रक्कम मिळेल. परंतु ज्या पाण्यावर या तिन्ही शहरांचे आणि त्यांच्या परिसरातील गावांचे जीवन अवलंबून आहे, त्या पाण्याच्या खात्यावर त्यांचे कोणतेही देणे राहणार नाही.